मेकॅनिक्समध्ये २० पैकी ४, ड्रॉइंगची शीट तिसऱ्यांदा परत. पहिलं वर्ष कसं निभावलंत?

कलमाखालची

नमस्कार. मी देवगड तालुक्यातली. रत्नागिरीच्या बाजूला एका इंजिनिअरिंग कॉलेजात पहिल्या वर्षाला आहे, ब्रँच मेकॅनिकल. कॉलेजचं नाव लिहीत नाही. वर्गातली निम्मी मुलं इथे वाचत असतात, कोणी ओळखलं तर मेलेच.

परवा मेकॅनिक्सच्या टेस्टचे मार्क लागले. २० पैकी ४. मॅथ्सला ७. बारावीला गणितात माझे ९१ होते हो. सीईटीला दीड तासात ५० गणितं असतात, त्यातली ३८ माझी बरोबर आली होती. मग इथे एक शिडी भिंतीला टेकवून ठेवली तर मला घाम का फुटतो?

माझी सीट तिसऱ्या राउंडला लागली. ट्रंक घेऊन हॉस्टेलला पोचले तेव्हा गणपतीला सहा दिवस होते. आधीच्या राउंडवाल्यांचं तोवर इंडक्शन होऊन मॅथ्सचा पहिला चॅप्टर अर्धा झालेला. मी चार दिवस बसले आणि गणपतीला घरी. (आमच्याकडे गणपतीत कॉलेज आहे असं बाबांना सांगून तर बघा.) परत आले तर फळ्यावर एफबीडी. हे काय असतं म्हणून विचारायला हात वर केला नाही, कारण बाकी सगळे माना खाली घालून लिहून घेत होते. आता विचारलं तर सर म्हणणार, इतके दिवस झोपली होतीस काय.

दुसरं दुखणं ग्राफिक्सचं, म्हणजे ड्रॉइंगचं. "पॉइंट एचपीच्या वर, व्हीपीच्या पुढे" (एचपी म्हणजे आडवं प्रतल, व्हीपी म्हणजे उभं) हे मी झोपेतही म्हणत असेन. पण वरून बघितलेलं चित्र कागदावर खाली का काढायचं, ते डोक्यात शिरत नाही. वरून बघितलंय तर वर यायला नको? रूममेट म्हणते पाठ कर, असंच असतं. माझी तिसरी शीट तीनदा परत आली. एकदा रेघा जाड होत्या. एकदा व्ह्यू उलटे. तिसऱ्यांदा शीट ओली. ओली म्हणजे मी भिजवली नाही. रूममध्ये आम्ही चौघी, दोरीवर आठ ओले टॉवेल, बाहेर न थांबणारा पाऊस. रात्री बोर्डावर चिकटवलेली शीट सकाळी शिळ्या घावनासारखी लोळत होती. टू-एच पेन्सिल टेकवली की रेघेऐवजी चर पडते, खोडलं की कागदाची साल निघते.

बरं चालतं ते फक्त वर्कशॉप. कार्पेंट्रीच्या बॅचमध्ये खिळा न वाकवता मारणारी मी एकटी. बाबा सीझनला आंब्याच्या पेट्या ठोकतात, चौथीपासून मीही ठोकते. पण त्याला मार्क ते किती!

दहावीपर्यंत मी मराठी माध्यमात. सर बोलतात ते कळतं, पण ते माझ्या डोक्यात मराठीत उतरेपर्यंत पुढची ओळ पुसूनसुद्धा झालेली असते. रूममधली एक पनवेलची आहे, एक कोल्हापूरची. दोघी क्लास लावून आलेल्या, एकमेकींना "हे तर अकरावीत झालं होतं" म्हणतात. माझं कसं झालं नव्हतं?

२०२४-२५ पासून मुलींची फी माफ झाली (उत्पन्न आठ लाखांच्या आत हवं), म्हणून तर बाबा हो म्हणाले. हॉस्टेल आणि मेस आहेच. फोनवर आई विचारते, "जेवलंस?" बाबा विचारतात, "पाऊस आसा?" मार्क कोणी विचारत नाही आणि मी सांगत नाही.

तर मेकॅनिक्स आता मधूनच कसं पकडू? केटी लागली, म्हणजे नापास विषय मागे राहिला, तर खरंच काय होतं? आणि दर शनिवारी घरी जावं का? एसटीला अर्धं तिकीट आहे, पॅसेंजरने कणकवलीला उतरूनही जाता येतं. पण परत आलं की मंगळवारपर्यंत मन तिकडेच असतं. कधी कधी वाटतं, हे सोडावं आणि गावाजवळ बीएस्सी करावी.

रागावू नका म्हणजे झालं.

टीई_मेक

आधी शीटचं सांगतो. या महिन्यात कोणीतरी तुला जीटी मारायला शिकवेल. काच दोन खुर्च्यांवर आडवी, खाली मोबाईलचा टॉर्च, वर दुसऱ्याची शीट, त्यावर तुझी, आणि मार रेघा. आमच्या अख्ख्या बॅचने एकाच मुलाची शीट अशी उतरवली. त्याने घाईत ५२ च्या जागी २५ घातलेले. सत्तावीस शीटवर २५. सरांनी सत्तावीसही परत दिल्या, हसलेसुद्धा नाहीत. शिवाय परीक्षेत काच नसते.

शीट मऊ पडते त्याला उपाय: रात्री बोर्डावर ठेवू नको. गुंडाळून नळकांड्यात घाल, झाकणाला चिकटपट्टी मार, आत बुटांच्या खोक्यात येतात त्या सिलिकाच्या पुड्या टाक. नसतील तर फडक्यात तांदळाची पुरचुंडी, घरी मिठाच्या बरणीत घालतात तशी. रेघा सकाळी नको, दुपारी मार, पंख्याखाली. आणि टॉवेल बाहेर पॅसेजमध्ये टाका गं बायांनो.

सरांकडे वर्गात नाही, चारनंतर स्टाफरूममध्ये जा. "मला काही कळत नाही" असं म्हणालीस तर ते पण काही करू शकत नाहीत. एक गणित, जिथे अडलीस तिथपर्यंत लिहिलेलं, घेऊन जा. झोपली होतीस का वगैरे कोणी विचारत नाही. स्टाफरूममध्ये येणारे इतके कमी असतात की चहा मिळायची शक्यता जास्त.

घरी जायचं म्हणशील तर मी पहिल्या सेमला दर आठवड्याला गेलो, दुसऱ्या सेमला महिन्यातून एकदा. मार्क दोन्हीकडे सारखेच. तेव्हा जा. फक्त हजेरी ७५ टक्क्यांच्या खाली जाऊ देऊ नको, नाहीतर सबमिशनला सहीसाठी मागे फिरावं लागतं.

लोटे_मेंटेनन्स

मी आता कॉलेजच्या वयाचा नाही. लोट्याच्या एमआयडीसीत एका केमिकल प्लँटवर मेंटेनन्सला आहे, आज रात्रपाळी. पंप चालू आहेत तोवर लिहितो.

तुझे ४ आले ना? मला त्याच टेस्टला २ होते. आणि ती शिडीच होती!

माझं गाव हर्णै, वडिलांचा एका बोटीत हिस्सा. पहिल्या वर्षाला मला दोन केट्या लागल्या, मेकॅनिक्स आणि मॅथ्स. अभ्यास करत नव्हतो असं नाही. झेरॉक्सच्या दुकानात सोडवलेल्या गणितांचे गठ्ठे मिळायचे, ते मी वाचायचो. शिडी, आकृती, समीकरण, उत्तर, हं बरोबर, पुढचं. प्रत्येक ओळ पटायची. रात्री दोनपर्यंत वाचून छातीठोकपणे झोपायचो. परीक्षेत कोरा कागद समोर आला आणि पहिली ओळच सुचेना. तुम्हा सीईटीवाल्यांचं तर आणखीच वेगळं. तिथे उत्तर चारांत कुठेतरी बसलेलंच असतं, तुम्ही ते हुडकता. इथे ते कागदावर नसतंच, आणि नुसतं उत्तर बरोबर येऊनही भागत नाही. उलट आकृती आणि समीकरणं धड असतील तर उत्तर चुकूनही मार्क मिळतात. मला हे दुसऱ्या वर्षी कळलं, तुला ऑक्टोबरातच सांगतोय.

एफबीडी (फ्री बॉडी डायग्राम) म्हणजे काय ते विचारायची लाज वाटली म्हणालीस, म्हणून इथेच सांगतो. वस्तू एकटी काढायची. भिंत पुसून टाकायची, जमीन पुसून टाकायची. आणि भिंतीने, जमिनीने त्या वस्तूला जे ढकललं किंवा धरून ठेवलं, तेवढ्याचे बाण काढायचे. बस्स.

आता शिडी. श्रावणात शेवाळलेल्या खळ्यात शिडी लावलीस आणि वर चढलीस. तिचा पाय कुठे सरकेल? भिंतीपासून लांब. मग जमिनीचं घर्षण त्याच्या उलट, भिंतीकडे. हा बाण मी परीक्षेत उलटा काढला. घरच्या खळ्यात दोनदा शिडीसकट आपटलेला माणूस मी, ढोपरावर अजून खूण आहे, तरी बाण उलटा! भिंत गुळगुळीत दिलेली असेल तर तिच्याकडून फक्त आडवा रेटा, वरखाली काही नाही. जमिनीकडून सरळ वर एक बाण. शिडीचं वजन मध्यावर. त्यावर माणूस असेल तर त्याचं वजन तो उभा आहे तिथे. संपले बाण. आडव्यांची बेरीज शून्य, उभ्यांची शून्य, आणि शिडीच्या पायाभोवती मोमेंट, म्हणजे फिरवणारा जोर, शून्य. पायाभोवतीच का? तिथून जाणारे दोन बाण आपोआप गळतात, म्हणून. हे "का" गठ्ठ्यात लिहिलेलं नसतं. गठ्ठ्यात एकदम समीकरण असतं.

तर गठ्ठा पालथा ठेव. एक गणित घे, कोऱ्या कागदावर फक्त आकृती आणि बाण काढ, सोडवू नको. मग गठ्ठा उलटून बाण जुळतात का बघ. दिवसाला पाच आकृत्या, पंधरा मिनिटं लागतात. मी

(पंप ट्रिप झाला होता. सील गेलं. आता सकाळचे सहा वाजलेत, बाहेर उजाडतंय, चहा घेऊन पुढे लिहितो.)

कुठे होतो? हां. लामीचं प्रमेय (तीन बलं एकमेकांना तोलून धरतात त्याचं) येईल आता तुम्हाला, की झालं? दिवाळीला घरी जाशील तेव्हा कंदील दोन बाजूंना दोरी बांधून मध्ये टांगून बघ. दोन्ही दोऱ्या आडव्या रेषेशी ३० अंशात असतील तर प्रत्येक दोरीत ताण बरोबर कंदिलाच्या वजनाएवढा. आता तीच दोरी ताणून जवळजवळ आडवी कर, १० अंशावर आण. ताण वजनाच्या जवळजवळ २.९ पट होतो. कंदील तोच, वजन तेच. म्हणून कपडे वाळत घालायची दोरी कधी तारेसारखी ताणून बांधू नये, सुंभ असलं तर पहिलं तुटतं. हे मी बंदरावर लहानपणापासून बघत आलो होतो, फक्त त्याला साइन-थीटा म्हणतात हे माहीत नव्हतं.

केटीचं विचारलंस. फॉर्म भरायचा, फी भरायची, पुन्हा परीक्षा द्यायची, आणि ती पुढच्या वर्षाच्या अभ्यासाच्या मानगुटीवर बसते. खरा त्रास हा. कॅम्पसला येणाऱ्या बऱ्याच कंपन्या चालू केटी असेल तर बसू देत नाहीत, तोवर सुटलेली असली की चालतं. मला इंटरव्ह्यूत विचारलं होतं, केट्या कशा लागल्या? म्हटलं, वाचून अभ्यास केला, लिहून केला नाही. पुढचा प्रश्न सेंट्रिफ्युगल पंपाचा आला.

घरी मी चार महिने सांगितलं नव्हतं. हर्णैला लिलावाच्या गर्दीत कोणाच्या तरी मुलाने वडिलांना सांगितलं, पापलेटच्या टोपलीपाशी. त्या रात्री ते जाळं शिवत बसले होते. मान वर न करता म्हणाले, "कुठल्या दोन विषयांत?" मी सांगितलं. म्हणाले, "मेकॅनिक म्हणजे इंजिनाचंच ना? ते तर तुला येतं." त्यांना काय सांगणार होतो मी. हो म्हटलं आणि सुई ओवून दिली.

घरी जा खुशाल, पण दप्तर घेऊन जाऊ नको. मी दर वेळी न्यायचो, एकदाही उघडलं नाही आणि रविवारभर त्याच्याकडे बघून तोंड पाडून बसायचो.

मालवणची_आवस

गो बाय, मी काय इंजिनियर नाय. माझो झील आसा. पयल्या वर्साक तीन विषय ऱ्हवले तेचे. माका कळला तेव्हा तेका इतक्याच विचारलंय, मेसचा जेवण बरा आसा मां? मागसून सुटले विषय. आता बोटीर इंजिनात आसा, सा म्हयने घराक नाय. आवशीक सांगून टाक. ती रागवाची नाय. आणि रागावली तर फोनार रागावतली, काय करतली? सुके बांगडे भाजून धाडूक सांग, मेसच्या आमटी वांगडा बरे लागतत.

कानस_आणि_गुण्या

बत्तीस वर्षं वर्कशॉपला निदेशक होतो, आता घरी सुपाऱ्या सोलतो. वरच्या सगळ्यांनी चांगलं सांगितलंय, पण पोरीच्या मूळ प्रश्नाला कोणी हात लावला नाही. वरून बघितलेलं खाली का? "पाठ कर" हे उत्तर नव्हे.

घरी आंब्याचं पुठ्ठ्याचं खोकं असेल. पेट्या ठोकणाऱ्याच्या घरी नसलं तर शेजारी असेल. झाकण काप, पुढची बाजू काप, डावी बाजू काप. उजवी राहू दे, फक्त तळापासून ब्लेडने सोडव. आता तुझ्यासमोर मागची भिंत आहे, तळ आहे आणि उजवी भिंत आहे. मागची भिंत म्हणजे व्हीपी. तळ म्हणजे एचपी. ती दोन्ही जिथे जुळतात ती कड म्हणजे तुझी एक्सवाय रेघ.

एक काडेपेटी हातात धर, तळापासून चार बोटं वर, मागच्या भिंतीपासून चार बोटं पुढे. "एचपीच्या वर, व्हीपीच्या पुढे" म्हणतेस ना, ते हेच. समोरून बघ. जे दिसतं ते तसंच सरळ मागे नेऊन भिंतीवर छाप, हा फ्रंट व्ह्यू. वरून बघ. जे दिसतं ते सरळ खाली नेऊन तळावर छाप, हा टॉप व्ह्यू. दोन्ही पेन्सिलने गिरव. आता काडेपेटी बाजूला ठेव. कागद तर सपाट असतो, म्हणून खोकं सपाट करायचंय. तळ त्या कडेवर बिजागरीसारखा खाली पाड, भिंतीच्या सरळ रेघेत येईपर्यंत. टॉप व्ह्यू कुठे गेला बघ.

उजवी भिंत ठेवायला का सांगितली? डावीकडे उभं राहून बघितलेलं तिच्यावर छापलं जातं. ती उघडलीस की उजवीकडे जाते. डावीकडचा व्ह्यू उजवीकडे का काढतात, हा तुझा पुढचा प्रश्न असणार होता, तोही संपला.

आणि तुला वाटलं तसं वर काढणारे लोक आहेत बरं का. अमेरिकेत टॉप व्ह्यू वरच काढतात. तिथे कागद वस्तू आणि डोळा यांच्या मध्ये काचेसारखा धरलाय असं मानतात. त्याला थर्ड अँगल म्हणतात, आपला फर्स्ट अँगल. तेव्हा तू जे विचारलंस त्यात चूक काही नव्हती, फक्त देश चुकला.

इंग्रजीचं म्हणशील तर एआयसीटीईच्या ई-कुंभ पोर्टलवर पहिल्या वर्षाच्या विषयांची मराठी पुस्तकं फुकट आहेत. भाषा जरा जड आहे, "समतोल", "आघूर्ण" असले शब्द येतील, तिकडे परीक्षेपुरतं बघू नको. एक प्रकरण आधी मराठीत वाचायचं आणि मग वर्गात बसायचं, म्हणजे सरांच्या तोंडून तेच ऐकताना डोक्यात भाषांतर करावं लागत नाही.

अजून एक. दिवाळीनंतर तुमची फिटिंगची बॅच येईल. कानस दोन्ही हातांनी धरून फक्त पुढे जाताना दाब द्यायचा, मागे येताना उचलायची. दर दहा घावांनी गुण्या लावून उजेडात बघायचं, फटीतून उजेड आला की तिथे उंच-सखल आहे. आणि जॉब झाला की तेल लावून वर्तमानपत्रात गुंडाळ. समुद्राची खारी हवा आहे, उघडा ठेवलेला जॉब दुसऱ्या दिवशी गंजाने लाल होतो. काहीच नसेल तर खोबरेल लाव, चार दिवस निभतं. दर वर्षी दहा-बारा जण परीक्षेच्या सकाळी पॉलिश पेपर मागायला यायचे माझ्याकडे. मी द्यायचो, पण आधी ऐकवायचो.

कलमाखालची

सगळ्यांचे आभार, उत्तर द्यायला उशीर झाला. दिवाळीला घरी गेले होते. दप्तर नेलं नाही.

पॅसेंजर रत्नागिरी सोडून पानवलच्या पुलावर आली. तो ६४ मीटर उंच आहे हे पाठ्यपुस्तकात कधीतरी वाचलेलं. खाली बघता बघता मनातच केलं, दगड सोडला तर खाली जायला ३.६ सेकंद, हवेचा विचार सोडला तर. कोणी दिलेलं नसताना गणित केलं, हे पहिल्यांदाच झालं. पुढे सिंगल लाइन, क्रॉसिंगला गाडी पाऊण तास उभी. तेवढ्यात शिडीच्या आकृत्या तिकिटाच्या मागे काढल्या, मोठ्या तिकिटाचा हा एक फायदा.

आईला मार्क सांगितले. ती म्हणाली, "इसातले?" मी हो म्हटलं. थोडा वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, "बाबांका मीच सांगतंय, तू नको." सांगितलंन की नाही ते मला अजून माहीत नाही. बाबा पाऊस आसा की नाय तेच विचारतात.

कंदील बाबांनी आधीच बांधून ठेवलेला, दोरी अगदी तारेसारखी ताणून. मी लोटेवाल्या दादांचं २.९ पट सांगितलं. त्यांनी वर बघितलं, दोरी बोटाने वाजवून बघितली आणि आत गेले. दिवाळी संपली तरी तुटला नाही. वजन कमी असावं.

सर, खोकं केलं. तळ खाली पाडला तेव्हा मी एकटीच मोठ्याने हसले, आजी बाहेर बघायला आली. परत आल्यावर शीट पास झाली. मेकॅनिक्सच्या दुसऱ्या टेस्टला २० पैकी ९. स्टाफरूममध्येही गेले होते. चहा नाही मिळाला, पण एफबीडी मिळाला. सर म्हणाले, सप्टेंबरातच का नाही आलीस.

आता एक शंका. घरी असताना मी आमच्या पाच डझनी लाकडी पेटीची ऑर्थोग्राफिक (समोरून, वरून, बाजूने असे व्ह्यू) काढली, नुसतीच, हौस म्हणून. बाबांना दाखवली. त्यांनी कागद उलटा धरला, मग सरळ, आणि म्हणाले, "फळयेंच्या मधली फट खय गेली? वारो खयसून जातलो? आंबो कुसतलो." मी सरळ ठोकळाच काढला होता. बाजूच्या फटी काढल्या मग. पण तळालाही फटी असतात. फळ्या लांबीच्या बाजूने जातात. पेटीची आखूड बाजू समोर धरली तर फ्रंट व्ह्यूमध्ये तळाच्या फटी तुटक रेघेने दाखवायच्या का?

कानस_आणि_गुण्या

तळाच्या फळ्या बाजूंच्या आत बसवल्यात की खालून ठोकल्यात? आत असतील तर समोरच्या फळीमागे लपतात, म्हणजे तुटक रेघ. खालून असतील तर त्यांची टोकं समोरून दिसतात, म्हणजे अखंड रेघ. पेट्या तू ठोकतेस, मला काय विचारतेस?

कलमाखालची

खालून.